ग्रॅम मोजा, पण जखमही मोजा

पाइनच्या लागवडीत एकाच ओळीत शेजारी उभी असलेली दोन झाडे घ्या. एकाच दिवशी लावलेली, एकाच मातीवर वाढलेली, बुंध्याचा घेरही जवळपास सारखा. एकाच माणसाने एकाच हत्याराने दोघांची साल तासली आणि सारखीच खाच घेतली. आठवड्याने बघावे तर एका झाडाखालचे भांडे काठोकाठ भरलेले असते आणि दुसऱ्याच्या भांड्याचा तळसुद्धा धड झाकलेला नसतो. राळ काढणाऱ्याला याचे नवल वाटत नाही. कोणते झाड सढळ हाताने देते आणि कोणते हात राखून, हे त्याला तोंडपाठ असते.

त्याच्या या माहितीला शास्त्राने उशिरा का होईना, पण दुजोरा दिला. राळ देण्याची क्षमता बऱ्याच अंशी झाडाच्या वाणातच असते, ती आईबापांकडून येते. म्हणूनच चांगली झाडे निवडून, त्यांची कलमे बांधून, त्यांचा आपसांत संकर करून ती वाढवता येते. यावर आता वाद उरलेला नाही. वाद व्हायला हवा तो पुढच्या प्रश्नावर, आणि तो पुरेसा होत नाही: वाढवलेल्या राळेचे करायचे काय? माझे म्हणणे सरळ आहे. निवडीतून मिळालेला फायदा आधी झाडाची जखम लहान करण्यासाठी वापरावा, मग खाच घेणाऱ्या माणसाची कमाई वाढवण्यासाठी, आणि त्यानंतर उरेल तो उत्पादन वाढवण्यासाठी. हा क्रम उलटा लागला तर चार-पाच दशके खपून तयार केलेले झाड आपण दहा वर्षांत संपवू.

राळ म्हणजे काय हे नीट कळल्याशिवाय या क्रमाचे महत्त्व पटणार नाही. राळ हा झाडाच्या पोषणाचा रस नव्हे. मुळांतून वर चढणारे पाणी वेगळे, पानांत तयार होऊन खाली उतरणारे अन्न वेगळे आणि राळ वेगळी. पाइनच्या लाकडात उभ्या-आडव्या बारीक नलिकांचे जाळे असते. नलिकांना आतून जिवंत पेशींचे अस्तर असते. त्या पेशी राळ तयार करतात, नलिकेत सोडतात आणि ती तिथे दाबाखाली साठून राहते. भुंगेऱ्याने साल पोखरली, फांदी मोडली, कुऱ्हाड लागली की नलिका उघडी पडते आणि राळ बाहेर येते. आत शिरलेला किडा तिच्यात बुडतो किंवा आल्या वाटेने बाहेर ढकलला जातो. मग तिच्यातला टर्पेंटाइनचा भाग हवेत उडून जातो आणि मागे घट्ट रोझिन उरते. जखमेवरची ही खपलीच. झाड एवढ्यावर थांबत नाही. पुढच्या काही आठवड्यांत जखमेभोवतीच्या नव्या लाकडात ते जादा नलिका तयार करते, जणू याच जागी पुन्हा हल्ला होणार हे गृहीत धरून.

राळेचा सगळा धंदा या एका सवयीवर उभा आहे. खपली धरू द्यायची नाही, ठरावीक दिवसांनी खाच ताजी करायची, झाडाला पुन्हा पुन्हा सांगायचे की हल्ला चालूच आहे. आपल्याकडे कागदाला खळ, छपाईला शाई, चिकटपट्टीला गोंद, व्हायोलिनच्या गजावर घासायला वडी, कापूर आणि सुगंधी द्रव्यांना कच्चा माल येतो, तो झाडाच्या या बचावातून. यात पाप आहे असे मला वाटत नाही. नीट काढली तर राळ हे जंगल उभे ठेवून मिळणारे उत्पन्न आहे, आणि झाड न तोडता पैसा देणाऱ्या गोष्टी फार थोड्या असतात. पण आपण झाडाची ढाल विकतो आहोत, हे विसरून चालणार नाही.

निवडीचे काम पद्धतशीर सुरू झाले ते अमेरिकेच्या आग्नेय भागात. फ्लोरिडातल्या ओलस्टीच्या वन संशोधन केंद्राने १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला स्लॅश पाइन या तिथल्या जातीची असाधारण राळ देणारी झाडे शोधायला घेतली. अट कडक होती: आसपासच्या तेवढ्याच आकाराच्या झाडांच्या सरासरीपेक्षा निदान दुप्पट राळ हवी. अशी झाडे विरळाच सापडतात. जी सापडली त्यांच्या फांद्यांची कलमे बांधली गेली, आपसांत परागण करून बी धरले गेले, रोपे वाढवली गेली, आणि मोठी झाल्यावर त्यांची राळ मोजली गेली. देणाऱ्यांची पोरेही देणारी निघाली. पुढच्या हिशेबांत दिसले की झाडाझाडांमधल्या राळेच्या फरकातला निम्म्याच्या आसपासचा वाटा आनुवंशिक आहे. उंचीसारख्या गुणात हा वाटा सहसा याहून बराच कमी असतो. निवडीला एवढा चटकन दाद देणारा गुण वनवृक्षांत क्वचितच मिळतो. त्यानंतर चीन, ब्राझील, स्पेन, पोर्तुगाल अशा अनेक देशांत हे काम झाले. इंडोनेशियात जावाच्या पेरहुतानी या सरकारी वन कंपनीने मर्कुसी पाइनमधून जास्त राळेची झाडे निवडली. त्यांना तिथे ‘बोचोर गेताह’ म्हणतात, म्हणजे राळ गळणारी.

ही निवड दुरून वाटते तेवढी सोपी नसते. ओळीच्या टोकाचे झाड बघा. एका बाजूला मोकळी जागा, डोक्यावर भरपूर ऊन, फांद्यांचा पसारा मोठा. त्याचे भांडे लवकर भरते, पण त्यात वाणाचा भाग किती आणि जागेचा किती? त्याचे बी नेऊन दाटीत लावले तर पोरे साधारणच निघतील. म्हणून प्रत्येक उमेदवाराची तुलना त्याच्या शेजाऱ्यांशीच करायची, आणि खरा निकाल संततीच्या चाचणीतून येईपर्यंत कोणालाही डोक्यावर घ्यायचे नाही.

पूर्वी या निकालासाठी झाड खाच घेण्याएवढे जाड होईपर्यंत थांबावे लागे. आता पोरसवदा झाडांवरच छोटी चाचणी घेतात. छातीच्या उंचीला सालीचा खरखरीत थर तासून एक गुळगुळीत ठिपका करायचा. तिथे पेनाच्या टोपणाएवढ्या रुंदीचे भोक सालीतून लाकडाला टेकेपर्यंत पाडायचे. त्यात वजन करून ठेवलेली छोटी नळी तिरकी बसवायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत यायचे. सकाळच्या उन्हात नळीत एखाद-दोन ग्रॅम पारदर्शक, मधासारखी दाट राळ दिसते. शेजारच्या झाडाच्या नळीत नुसते दोन-चार थेंब. दिवस गरम होता की गार यावरही प्रवाह ठरतो, म्हणून सगळी झाडे एकाच दिवशी मोजावी लागतात. नळी तराजूवर जाते, आकडा वहीत जातो आणि भोकात राहिलेली राळ आपोआप बूच होते. एवढ्याशा जखमेवरून पुढे हे झाड काय देईल याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

या चाचणीतच मला सगळ्या प्रश्नाचे उत्तर दिसते. इथे जखम सर्वांना सारखी असते आणि राळ मोजली जाते. म्हणजे मोजमाप एका जखमेमागे किती राळ, असे असते. मग तेच झाड लागवडीत उभे राहिले की आपण हिशेब बदलून दर झाडामागे किती, दर हेक्टरी किती, असे का विचारू लागतो? दुप्पट देणाऱ्या झाडाचे दोन उपयोग आहेत. पूर्वीएवढ्याच खाचा घेऊन दुप्पट राळ काढता येते, किंवा निम्म्या खाचा घेऊन पूर्वीएवढीच. दुसऱ्या वाटेने बुंध्याची निम्मी साल शाबूत राहते, झाड दुप्पट वर्षे चालते, आणि शेवटी तोडले तर लाकूडही धड मिळते. पहिली वाट मोहाची आहे, कारण तिचा पैसा याच वर्षी दिसतो.

या मोहाचा इतिहास थोडा बघावा. अमेरिकेत लाँगलीफ पाइनच्या बुंध्यातच कुऱ्हाडीने खोल खोबण कोरून राळ साठवण्याची पद्धत दीर्घकाळ चालली. खोबणीने बुंधा कमकुवत व्हायचा, वाऱ्याने झाड मोडायचे, आग लागली की राळेने माखलेली जखम पेटायची. एक जंगल संपले की धंदा पुढच्या जंगलात. एके काळी सुमारे नऊ कोटी एकरांवर असलेल्या लाँगलीफच्या जंगलांचा आज अगदी थोडा हिस्सा उरला आहे. त्याला लाकूडतोड, शेती अशी इतर कारणेही होती, पण राळेचा वाटा नाकारता येत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चार्ल्स हर्टी या रसायनशास्त्रज्ञाने खोबणीऐवजी बाहेरून पत्र्याची पन्हळ आणि मातीचे भांडे लावायची पद्धत रूढ केली. जखम लहान झाली आणि राळही वाढली. या साऱ्या इतिहासातली मला सर्वांत आवडणारी सुधारणा हीच, कारण तिने झाडाचा आणि मालकाचा फायदा एकाच बाजूला आणला.

त्यानंतर गंधकाम्ल आले. खाचेवर आम्ल फवारले की नलिका जास्त वेळ उघड्या राहतात आणि लाकडात खोल न जाता नुसती साल काढून काम भागते. जपून वापरले तर हेही चांगलेच. पण १९७० च्या दशकात शोध लागला की पॅराक्वाट हे तणनाशक थोड्या प्रमाणात बुंध्यात घातले की वरचे लाकूडच राळेने भिजून जाते. केवढ्या आशा बांधल्या गेल्या! पुढे कळले की असा उपचार केलेल्या झाडांवर सालीतले भुंगेरे तुटून पडतात. झाडाची ढाल त्याच्याविरुद्ध वापरायला गेले की असे होते. जास्त राळेची झाडे आणि जास्त जहाल उत्तेजके एकत्र आली तर यापेक्षा वेगळे काही घडेल, असे मानायला मला आधार दिसत नाही.

भुंगेऱ्यांचा विषय निघाला म्हणून थोडे थांबतो, कारण इथे निवडीच्या बाजूने फार भक्कम मुद्दा आहे. दक्षिणी पाइन भुंगेऱ्याच्या साथीत आजूबाजूची झाडे मरून जी लॉबलॉली पाइन वाचली, त्यांच्या संततीत राळेचा प्रवाह जास्त आढळला. म्हणजे राळेसाठी केलेली निवड हीच रोगकिडींविरुद्धचीही निवड ठरू शकते. स्लॅश पाइनमध्ये जास्त राळ देणारी झाडे वाढीत मागे पडतातच, असेही दिसलेले नाही. एका दगडात तीन पक्षी म्हणावेत अशी ही संधी आहे. अट एकच: झाडाने कमावलेली ही जादा राळ त्याच्याकडे थोडी तरी राहू द्यायला हवी. सगळीच भांड्यात उतरवली तर भुंगेऱ्यासाठी झाड पुन्हा रिकामेच.

आणि राळ म्हणजे नुसते वजन नव्हे. तिच्यात काय आहे तेही वाणाप्रमाणे बदलते. स्लॅश पाइनच्या टर्पेंटाइनमध्ये पिनीन या रसायनाचे प्रमाण मोठे, म्हणून सुगंधी द्रव्यांच्या कारखान्यांना ते हवे असते. हिमालयातल्या चीड पाइनच्या टर्पेंटाइनमध्ये कॅरीन आणि लाँगिफोलिन ही रसायने भरपूर, म्हणून त्याला भाव कमी मिळतो. कॅलिफोर्नियातल्या जेफ्री पाइनच्या राळेत तर चक्क हेप्टेन असते. पेट्रोलच्या ऑक्टेन मोजपट्टीतला शून्य ज्या हेप्टेनवर बांधला, ते सुरुवातीला याच झाडातून मिळवले होते. एकाच जातीतही हे मिश्रण झाडागणिक बदलते आणि बऱ्याच घटकांवर आनुवंशिकतेची पकड घट्ट असते. काही भुंगेरे पिनीनपासूनच आपल्या जातभाईंना बोलावणारा गंध तयार करतात. ग्रॅमच्या मागे लागून नेमके त्यांना हवे ते मिश्रण लाखो झाडांत भरून ठेवणे परवडणारे नाही. चीडसारख्या जातीत तर थोडी कमी राळ पण चांगल्या मिश्रणाची, हा सौदाही किफायतीचा ठरू शकतो.

आता माणसाबद्दल. राळेच्या खर्चात सर्वांत मोठा भाग मजुरीचा असतो, कारण प्रत्येक झाडापाशी चालत जावेच लागते. झाड देणारे असो की कोरडे, चालणे तेवढेच, वाकणे तेवढेच, खाच तेवढीच. म्हणूनच निवडलेल्या झाडांचे खरे अर्थकारण मजुराच्या पावलांत आहे: तेवढ्याच पावलांत दुप्पट माल. ही बचत कोणाच्या खिशात जाणार, हे मजुरी कशी मोजतात त्यावर ठरते. किलोवर असेल तर मजुराला वाटा मिळतो, निदान दर खाली ओढला जाईपर्यंत. झाडांच्या संख्येवर असेल तर त्याला काहीच मिळत नाही, उलट जड भांडी वाहायचे कष्ट तेवढे वाढतात. या धंद्याचा मजुरांशी वागण्याचा इतिहास काळा आहे. अमेरिकेच्या टर्पेंटाइन छावण्यांत विसाव्या शतकातही कृष्णवर्णीय मजुरांना कर्जात अडकवून बांधून ठेवले जाई. कैदी भाड्याने आणून राबवले जात. म्हणून मला वाटते, सरकारी पैशातून तयार झालेले बी ज्या लागवडीला दिले जाते, तिथे मजुरीचा दर वजनाशी बांधलेला असावा, आणि झाडांची राळ वाढली म्हणून तो दर कापता येणार नाही, हे रोपे देतानाच लेखी ठरावे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो हलका नाही. ज्या अमेरिकेत हे निवडकाम सुरू झाले, तिथेच जिवंत झाडांपासून राळ काढायचा धंदा संपला. जॉर्जियातल्या सोपर्टनला २००१ मध्ये शेवटची राळ गोळा झाली. कागदाच्या लगद्याच्या कारखान्यांत लाकूड शिजवताना उपपदार्थ म्हणून टर्पेंटाइन आणि टॉल तेल मिळू लागले, टॉल तेलातून रोझिन निघू लागले, पेट्रोलियमपासून बनलेल्या रेझिन्स आल्या, आणि छावण्यांतले कष्ट करायला माणसे तयार होईनात. दुप्पट राळ देणारी झाडे उभी राहीपर्यंत भांडी लावणारे हातच निघून गेले. मग एवढा खटाटोप कशासाठी?

मी या गोष्टीतून वेगळा निष्कर्ष काढतो. पाइनची एक पिढी निवडून, कलम करून, फुलवून, संतती तपासून पुढे न्यायला पंधरा-वीस वर्षे सहज जातात. एवढ्या काळात बाजार उलटसुलट होणारच. तेव्हा ज्या कामाचा फायदा फक्त एका बाजारभावावर अवलंबून आहे, ते काम झाडांच्या बाबतीत करूच नये. कमी जखमा, किडींपुढे टिकणारे झाड आणि कमी पावलांत जास्त कमाई, हे तिन्ही फायदे रोझिनचा भाव पडला तरी उरतात. नुसत्या टनांसाठी केलेली निवड भावाबरोबर वर जाते आणि भावाबरोबर बुडते. मजुराची जागा धरून ठेवणारी निवड झाली असती तर तिथला धंदा वाचलाच असता, असे मी म्हणणार नाही. पण ज्या कामात माणूस टिकत नाही त्यासाठी झाड सुधारत बसणे व्यर्थ आहे, हे मात्र तिथे स्पष्ट दिसले.

निवडीचा सर्वांत मोठा धोका यशातच असतो. पाच-दहा झाडे फारच उत्तम निघाली की सगळ्यांना तीच हवी असतात. कलमांनी आणि त्यांच्या बियांनी हजारो हेक्टर भरतात आणि सगळे जंगल एकमेकांची भावंडे होते. पाइनला सुकवून मारणारा सूत्रकृमी उत्तर अमेरिकेतून जपानला गेला. १९८२ मध्ये तो चीनमध्ये नानचिंगला आढळला, १९९९ मध्ये पोर्तुगालला. फ्युझेरियम बुरशीमुळे होणारा राळखैरा हा रोगही आहेच, आणि तो जखमेतूनच शिरतो. जिथे मुद्दाम जखमा करायच्या आहेत तिथे एकाच रक्ताची झाडे ओळीने लावणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. बीजबागेत अनेक घराणी असावीत, त्यासाठी सरासरी राळ थोडी घसरली तरी चालेल. आणि मूळ रानटी जंगले हात न लावता ठेवावीत. मर्कुसी पाइन हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला नैसर्गिकपणे पोचलेला एकमेव पाइन, आणि सुमात्रातल्या केरिंची परिसरात त्याची अशी वस्ती आहे. तिथल्या एखाद्या वाकड्या, कमी देणाऱ्या झाडात पुढच्या शतकाला हवा असलेला गुण असू शकतो.

जनुकांवरून निवड करायची नवी पद्धत काम झपाट्याने पुढे नेईल. लॉबलॉली पाइनचा जनुकसंच २०१४ मध्ये वाचला गेला. तो सुमारे २२ अब्ज अक्षरांचा, माणसाच्या सातपट आहे. रोप वीतभर असतानाच त्याच्या राळेचा अंदाज बांधणे आता अशक्य राहिलेले नाही. वेग वाढला की चुकीची निवडही तेवढ्याच वेगाने पसरते, म्हणून काय निवडायचे हे आधी ठरायला हवे. आणि ते ठरवणारे फक्त खरेदीदार नसावेत. एवढ्या लांबच्या मुदतीचे काम खासगी भांडवल सहसा अंगावर घेत नाही. ते सरकारी वन संस्था आणि विद्यापीठांनीच करायचे आहे. तेव्हा अटी घालण्याचा अधिकारही सार्वजनिक असला पाहिजे.

पहिली अट साधी असावी. चाचणीच्या वहीत घेर, उंची आणि राळेचे ग्रॅम यांच्या शेजारी आणखी एक रकाना हवा: खाच भरून यायला किती वर्षे लागली. हा आकडा नळीतून चोवीस तासांत मिळत नाही. चार-पाच वर्षांनी त्याच झाडापाशी परत जावे लागते. खाचेच्या दोन्ही कडांनी नवी साल जाड ओठासारखी आत वळत आलेली असते. दोन ओठांमधली उघडी फट पट्टीने मोजायची आणि वहीत लिहायची. हे काम राळ काढणाऱ्यालाच द्यावे. कोणते झाड लवकर सावरते हेही त्यालाच आधी कळलेले असते. ज्याची राळ भरपूर आणि फटही लवकर मिटली, त्याच झाडाच्या फांद्या कलमासाठी कापाव्यात.